घाटाच्या उतारावर ट्रेलरचे ब्रेक तापतात, हवा उतरते: चूक चालवण्यात की गाडीत?

पल्लेदार

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत. पहिला ब्रेकचा, दुसरा झोपेचा.

गाडी: तीन ॲक्सलचा ट्रॅक्टर, मागे तीन ॲक्सलचा ट्रेलर, भरून एकूण ४० टन. सगळ्या चाकांना हवेचे ड्रम ब्रेक, ऑटो स्लॅक ॲडजस्टर (लायनर झिजेल तसा ब्रेक आपोआप कसणारा). एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग रोखणारा) आहे, रिटार्डर (लायनर न वापरता वेग रोखणारं वेगळं यंत्र) नाही.
रस्ता: सलग १० कि.मी. उतार, सरासरी ६ टक्के.
लक्षणं: वर असताना ब्रेकच्या हवेच्या दोन्ही टाक्यांत ८ बार दाब, खाली येईपर्यंत ५.५. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये पाय जास्त खोल जातो आणि ट्रेलरकडून लायनर (ड्रमला घासणारा पट्टा) जळाल्याचा वास येतो. धूर नाही. वेग ४५ ते ५० च्या दरम्यान असतो, ब्रेक अधूनमधून दाबून सोडायची पद्धत.

झोपेचं असं की पहाटे दोन ते पाचमध्ये डोळे जड होतात, चहा-कॉफीचा उपयोग तासभरच होतो. नेमकं काय करावं?

घाटमाथा

आधी हिशेब मांडू, म्हणजे ब्रेकवर किती ओझं येतंय ते कळेल. ४० टनांची गाडी ६ टक्के उतारावर ताशी ३६ कि.मी.ने खाली येत असेल, तर वेग न वाढू देण्यासाठी साधारण २३५ किलोवॅट एवढी ऊर्जा सतत कुठेतरी जिरवावी लागते. टायरचं घर्षण आणि वारा मिळून त्यातले २५-३० खातात. उरलेले दोनशेच्या वर इंजिन आणि ब्रेक यांच्यात वाटले जातात. इंजिनाने जेवढे घेतले नाहीत, तेवढे सगळे ड्रममध्ये उष्णता म्हणून जातात. आता वेग ५० ला नेला की तोच आकडा सव्वातीनशेच्या पुढे जातो. तुमचा अर्धा प्रश्न इथेच आहे. उतार तेवढाच, गाडी तेवढीच, पण ड्रमला थंड व्हायला मिळणारा वेळ तुम्ही कमी केलात.

म्हणून उताराचा वेग ब्रेकने ठरवायचा नसतो, गिअरने ठरवायचा असतो, आणि तोही वर, सपाटीवर असताना. जुना नियम असा की ज्या गिअरने हा घाट चढाल त्याच गिअरने उतरा. हल्लीच्या गाड्यांना तो पुरत नाही. इंजिनं जास्त ताकदीची झालीत, त्यामुळे चढ वरच्या गिअरमध्ये निघून जातो, आणि गाडीचा वाऱ्याला नि रस्त्याला होणारा विरोधही कमी झालाय. तेव्हा चढाच्या गिअरपेक्षा एक तरी गिअर खाली घ्या.

पद्धत:

उताराचा फलक दिसला की वेग मोडा, गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक चालू करा. हे सगळं गाडी उताराला लागण्याआधी. एक्झॉस्ट ब्रेक जास्त आरपीएमलाच खरं काम करतो. काटा खाली असेल तर नुसता आवाज होतो. उत्पादकाने आरपीएम मीटरवर एक्झॉस्ट ब्रेकचा पट्टा दाखवलेला असतो, काटा त्या पट्ट्याच्या वरच्या भागात ठेवा, लाल रेषेच्या आत.

मग वेगाची कमाल ठरवा. तुमच्या उताराला ४० म्हणू. गाडी ४० ला पोचली की ठाम ब्रेक दाबा, ३२ पर्यंत आणा, पूर्ण सोडा. दाबणं साधारण तीन सेकंदांचं. पुन्हा ४० होईपर्यंत पाय ब्रेकवर ठेवूच नका. सोडल्यावर पाच-सात सेकंदांतच वेग परत ४० ला येत असेल तर गिअर मोठा पडलाय. अशा वेळी ब्रेक गार आहेत तोवरच, सुरुवातीच्या किलोमीटरमध्ये, गाडी पूर्ण थांबवा आणि खालच्या गिअरमध्ये निघा. मध्येच चालत्या गाडीत गिअर उतरवायला गेलात आणि तो बसला नाही तर तुम्ही न्यूट्रलमध्ये आहात. भरलेली गाडी, उतार आणि न्यूट्रल. पुढचं लिहायची गरज नाही.

न्यूट्रलचा आणखी एक तोटा सहसा कुणी सांगत नाही: इंजिन आयडलला असलं की कॉम्प्रेसरही मंद फिरतो. म्हणजे ब्रेकची हवा खर्च जास्त आणि भरती कमी. डिझेल वाचवायला उतारावर गाडी सोडणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं. डिझेल तसंही वाचत नाही, कारण आधुनिक इंजिन गिअरमध्ये पाय काढला की इंधन जवळपास पूर्ण तोडतं, आयडलला मात्र पीत राहतं.

ट्रेलरचा वेगळा हँड ब्रेक असेल तर उतारावर त्याला हात लावू नका. त्याने फक्त ट्रेलरची चाकं तापतात.

दहाचाकी

थोडा वेगळा विचार. दाबून-सोडून केलं की दर वेळी बूस्टरमधली (हवेच्या जोराने ब्रेक लावणाऱ्या चाकाजवळच्या डब्यातली) हवा बाहेर जाते. म्हणूनच प्रेशर ८ वरून ५.५ होतंय. त्यापेक्षा अगदी हलका पाय कायम ठेवला तर हवा एकदाच लागते आणि गाडीही झटके खात नाही. बरेच जण तसंच चालवतात.

लायनर आणि हवा

दहाचाकी दादा, हवेपुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे, उष्णतेच्या बाबतीत नाही.

सहा ॲक्सलच्या गाडीत सगळ्या चाकांचे ब्रेक एकाच दाबाला जागे होत नाहीत. प्रत्येक रिले व्हॉल्व्हचा (पायाच्या इशाऱ्यावर टाकीची हवा बूस्टरला देणाऱ्याचा) उघडण्याचा दाब थोडा वेगळा, प्रत्येक रिटर्न स्प्रिंग वेगळी ताणलेली, कुठे कॅमचा (फिरून लायनर ड्रमवर दाबणाऱ्या शाफ्टचा) बुश कोरडा. पायाने अर्धा बार दिला तर काही चाकं पकडतात, काहींचे लायनर ड्रमला टेकतही नाहीत. मग १० कि.मी. उतार ती चार-पाच चाकंच ओढतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ड्रायव्हर हलक्या पायाने चालवतोय, आत मात्र दोन ॲक्सल भाजून निघत असतात. ठाम ब्रेक दिला, दीड-दोन बारचा, की सगळी चाकं आपापला वाटा उचलतात. घाटमाथा यांनी सांगितलेली ४० ते ३२ ची पद्धत त्यासाठीच आहे. तीन सेकंद तापवा, मग मोकळं सोडून वारा लागू द्या.

चुकीचं आहे ते सारखं टप-टप दाबणं. दर दोन सेकंदांनी अर्धवट दाबून सोडलं की वेग मोडत नाही आणि हवा मात्र दर वेळी जाते. पल्लेदार, तुमचं 'अधूनमधून' यापैकी कुठलं ते तुम्हीच तपासा.

पण २.५ बार उतरणं मला नुसत्या पायाचं वाटत नाही. बूस्टरमधून निघून ॲडजस्टर ढकलणारा दांडा लांब बाहेर येत असेल तर बूस्टरमध्ये दर वेळी जास्त हवा भरावी लागते. म्हणजे स्ट्रोक (दांड्याची चाल) वाढला की एकाच वेळी ब्रेक कमी आणि हवेचा खर्च जास्त. शिवाय कुठे गळती असेल तर ती वेगळीच. मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. पुढच्या तीन गोष्टी मोजून टाका.

१) स्ट्रोक. गाडी सपाटीवर, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, इंजिन बंद, किल्ली खाली काम करणाऱ्याच्या खिशात. हँड ब्रेक सोडलेला. टाकीत ६.२ ते ६.९ बार (९० ते १०० पीएसआय) हवा. यापेक्षा जास्त असेल तर ब्रेक दोन-चारदा दाबून उतरवा, नाहीतर आकडे फसवे येतात. दांडा जिथून बूस्टरबाहेर निघतो तिथे खडूची रेघ मारा. वरून कुणीतरी ब्रेक पूर्ण दाबून धरायचा. रेघ किती मिलीमीटर बाहेर आली ते प्रत्येक चाकाचं लिहून काढा, डावं-उजवं वेगळं.

बूस्टरवर २०, २४, ३० असा आकडा ओतलेला किंवा क्लॅम्पवर ठोकलेला असतो. साध्या स्ट्रोकच्या बूस्टरची मर्यादा: २० आणि २४ नंबरला ४४ मि.मी., ३० नंबरला ५१ मि.मी. लाँग स्ट्रोक प्रकाराची मर्यादा यापेक्षा जास्त असते, त्याच्यावर तशी पट्टी असते किंवा हवेच्या नळीचं तोंड गोल नसून चौकोनी असतं. आधी प्रकार बघा, मग आकडा ताडून पाहा.

२) गळती. टाक्या भरून इंजिन बंद, ठोकळे लावलेले, हँड ब्रेक सोडलेला. ब्रेक पूर्ण दाबा, पहिली घसरण होऊ द्या, मग एक मिनिट धरून काटा बघा. ट्रेलर जोडलेल्या गाडीला मिनिटाला ४ पीएसआय, म्हणजे पाव बारहून किंचित जास्त, एवढं चालतं. ब्रेक न दाबता ३ पीएसआय. ही चाचणी ट्रेलरसकट आणि ट्रेलर सोडून, अशी दोनदा करा.

३) उतार संपल्यावर सुरक्षित जागी थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळ्या ड्रमचं तापमान. हात लावून बघू नका, हाताच्या मागच्या बाजूने दुरूनच धग घ्या, थर्मामीटर नसेल तर.

यात गरम चाक शोधायला सगळे जातात. तुम्ही गार चाक शोधा. उतारावरून आल्यावर जे चाक गार आहे ते काम करत नाहीये, आणि त्याचं काम बाकीची करतायत.

पल्लेदार

मोजलं. सगळे बूस्टर ३० नंबर, साधे. फक्त पुढचे २० नंबर.

पुढचा ॲक्सल: ३६ / ३८
ट्रॅक्टर मागचा पहिला: ४४ / ४६
ट्रॅक्टर मागचा दुसरा: ४७ / ४५
ट्रेलर पहिला: ४२ / ४१
ट्रेलर दुसरा: ४४ / ६१
ट्रेलर तिसरा: ४५ / ४३

(आधी डावं, मग उजवं, मि.मी.)

गळती: ट्रेलर जोडून, ब्रेक दाबून मिनिटाला ०.६ बार. ब्रेक न दाबता ०.१. ट्रेलर सोडून, दाबून ०.१५.

उतारानंतर ट्रेलरचे ड्रम १९० ते २३० अंश. दुसऱ्या ॲक्सलचं उजवं मात्र ६५.

लायनर आणि हवा

आकडे स्वच्छ आहेत. दोन वेगळे दोष आहेत, दोन्ही ट्रेलरमध्ये.

पहिला: दुसऱ्या ॲक्सलचं उजवं. ३० नंबरच्या बूस्टरचा दांडा जास्तीत जास्त ६४ मि.मी. बाहेर येऊ शकतो. तुमचा गार ड्रमवरच ६१ ला पोचलाय. शेवटच्या काही मिलीमीटरमध्ये डायफ्रामचा (बूस्टरमधल्या रबरी पडद्याचा) जोर झपाट्याने पडतो, म्हणजे हे चाक नावापुरतं ब्रेक लावतंय. आता ड्रम तापला की काय होतं बघा. ४२० मि.मी. व्यासाचा ड्रम २०० अंशांनी तापला तर व्यास जवळपास ०.९ मि.मी. वाढतो, म्हणजे लायनरपाशी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मि.मी. जादा अंतर. स्लॅक ॲडजस्टरची लांबी आणि कॅमची त्रिज्या यांचं गुणोत्तर दहाच्या वर असतं, त्यामुळे तो अर्धा मि.मी. दांड्यावर पाच-सहा मि.मी. होऊन येतो. ६१ मध्ये सहा मिळवले की ६७, आणि दांडा तर ६४ लाच आपटतो. तो ब्रेक उतारावर शून्य. सपाटीवर मात्र अंधुकसा लागतो, म्हणून लक्षात येत नाही.

बाकीच्या ४५-४७ वाल्यांनाही याच कारणासाठी शाबासकी देऊ नका. गार असताना ५१ च्या आत आहेत, तापल्यावर काठावर येतात. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये पाय खोल जातो तो त्यामुळे.

ऑटो ॲडजस्टर असून ६१ का? इथे सगळ्यात जास्त चूक होते. पाना लावून कसून टाकतात, दोन दिवस ब्रेक छान लागतो, आठवड्यात परत तिथेच. ऑटो ॲडजस्टर स्वतःहून कसला जात नसेल तर कुठेतरी कारण आहे, ते काढा:

क्लेव्हिस पिन (दांडा ॲडजस्टरला जोडणारी) आणि तिचं भोक घासलंय का? दांडा हाताने हलवून बघा, कडकड वाजलं की पिन गेली. कॅमशाफ्ट वर-खाली उचलून बघा. बुश झिजला असेल तर दांड्याची चाल कॅम फिरवण्यात न जाता शाफ्ट उचलण्यात जाते. ॲडजस्टरचा कंट्रोल आर्म ब्रॅकेटला घट्ट आहे का, कोनात बसलाय का? ब्रॅकेट वाकला किंवा बोल्ट ढिला असेल तर ॲडजस्टरला कसायचं कधी तेच कळत नाही. ग्रीस कधी भरलं होतं? नवं ग्रीस भरताना जुनं बाहेर येईपर्यंत भरा. ड्रमचा व्यास मोजा, ड्रमवर कमाल व्यास ओतलेला असतो. आणि चाक उघडलंच तर लायनरवर हबचं तेल आलंय का ते बघा. तेलकट लायनर घासून, धुऊन, जाळून परत लावायचा नाही. फेकायचा, दोन्ही बाजूंचे.

सगळं ठीक निघालं तर ॲडजस्टरच गेलाय. तपासायला तो थोडा ढिला करा, मग ब्रेक पूर्ण दाबून सोडा, असं पंधरा-वीस वेळा. स्ट्रोक दर काही दाबांनी कमी होत आला तर जिवंत आहे. जागचा हलला नाही तर बदला, आणि त्या ॲक्सलचे दोन्ही बदला.

(ज्यांच्याकडे हाताने कसायचे स्लॅक ॲडजस्टर आहेत त्यांच्यासाठी: लॉक कॉलर आत दाबा, ब्रेक लावताना कॅम ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला तो फिरेल असं षटकोनी डोकं फिरवा, लायनर ड्रमला टेकेपर्यंत. मग पाव ते अर्धा फेरा मागे. कॉलर बाहेर येऊन बसलीच पाहिजे, नाहीतर रस्त्यात ॲडजस्टर आपोआप सुटत जातो.)

दुसरा दोष: गळती. ब्रेक न दाबता ०.१, दाबून ०.६. म्हणजे टाकीकडची लाल लाइन ठीक आहे. गळती ब्रेक दाबल्यावर ज्या भागात हवा जाते तिथे आहे. ट्रेलर सोडला की ०.१५, म्हणजे ट्रॅक्टरही ठीक. उरतात ट्रेलरच्या ब्रेक लाइनचा, म्हणजे पिवळ्या किंवा निळ्या नळीच्या कपलिंगचा रबरी सील, ट्रेलरचा रिले व्हॉल्व्ह आणि बूस्टरचे डायफ्राम. याच क्रमाने तपासा, कारण सील हातात येतो नि सगळ्यात स्वस्त असतो. वरून ब्रेक धरायला लावा, साबणाचं पाणी लावत जा. बूस्टरच्या क्लॅम्पमधून किंवा खालच्या निचऱ्याच्या भोकातून फुगे आले तर डायफ्राम फाटलाय.

इशारा: मागे स्प्रिंग असलेला दुहेरी बूस्टर असेल तर मागच्या भागाचा क्लॅम्प स्वतः उघडू नका. आतली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते, सुटली तर माणूस मरतो. अख्खा बूस्टर बदलून घ्या.

दहाचाकी

गार चाकाचं पटलं. तापलेल्या ब्रेकवर खाली आल्यावर पाणी मारतात बरेच जण, त्याबद्दल?

घाटमाथा

पाणी नको. तापलेला ओतीव ड्रम एका बाजूने एकदम गार झाला की तडकतो. तडा आतून असतो, दिसत नाही. धूर येत असेल तरी आधी गाडी मोकळ्या जागी सपाटीवर लावा, चाकांना ठोकळे, इंजिन बंद करून खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि हँड ब्रेक मात्र लावू नका. हँड ब्रेक लावला की तापलेल्या ड्रमवर लायनर आवळलेला राहतो, ड्रम आकसताना तो लंबगोल होतो किंवा लायनर चिकटतो. अर्धा-पाऊण तास वाऱ्यावर राहू द्या.

टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलसमोर उभं राहू नका. तापलेल्या ड्रमची उष्णता रिममधून टायरला पोचायला वेळ लागतो, त्यामुळे टायर गाडी थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीही फुटू शकतो. आग लागलीच तर ती पाण्यानेच विझते, भरपूर पाण्याने. छोट्या अग्निशामकाने ज्वाळा जाते आणि आतली धग परत पेट घेते.

आणि टायरचा विषय निघालाच आहे तर: उतारानंतर दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका. दाब गार टायरचाच मोजायचा. ८ बारच्या टायरचा दाब तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण ०.३ बारने वाढतो, हे नैसर्गिक आहे. गरम असताना सोडली तर सकाळी टायर कमी हवेवर असतो, जास्त वाकतो, जास्त तापतो. जोडचाकांत एकाची हवा कमी झाली की त्याचा भार शेजाऱ्यावर जातो, आणि फुटतो तो शेजारी. हातोडीने ठोकून फक्त पूर्ण बसलेला टायर ओळखता येतो. २० टक्के हवा कमी असलेला टायर आवाजावरून कळत नाही, गेजच लावावं लागतं.

डिझेलपाना

एकच भर. रोज काम संपल्यावर टाक्यांचं पाणी सोडा, आधी कॉम्प्रेसरला सगळ्यात जवळची टाकी. टाकीत पाणी साचलं की तेवढी हवेची जागा गेली, म्हणजे चार ब्रेकनंतर काटा पडणारच. नुसतं पाणी थोडं आलं तर चालेल. भरपूर येत असेल तर एअर ड्रायरचं काडतूस संपलंय. दुधाळ, तेलकट चिखल आला तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. नुसतं काडतूस बदललं तर नवंही काही आठवड्यांत भरेल.

आणि चावी दिल्यावर कमी हवेचा बझर नेमका किती बारला बंद होतो ते एकदा बघून ठेवा. साधारण ४ बारच्या आसपास असतो. तो उतारावर वाजला तर वाहनाला थांबवायला शेवटची हवा उरलीय असं समजून लगेच थांबा. आणखी उतरलं, साधारण ३ ते १.५ बारच्या दरम्यान, की स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने लागणारे) आपोआप पडतात, आणि ते तुम्हाला विचारून पडत नाहीत.

निवांत कॅबिन

झोपेचा प्रश्न तसाच राहिला.

पहाटे दोन ते पाच-सहा ही शरीराची सगळ्यात मंद वेळ आहे, दुपारी एक ते तीन ही दुसरी, थोडी हलकी. दिवसा झोप पूर्ण झालेल्या माणसालाही ती लागते. त्यामुळे 'मला काही होत नाही' या वाक्याला किंमत नाही. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखं मंदावतं, हे १९९७ मध्ये मोजून दाखवलेलं आहे. महत्त्वाचं म्हणजे सतरा तास 'जागं असण्याचे' आहेत, चालवण्याचे नाहीत. सकाळी सातला उठलात, दिवसभर माल भरण्याच्या रांगेत बसलात आणि रात्री नऊला निघालात, तर मध्यरात्रीच सतरा तास होतात. गाडी फक्त तीन तास चाललेली असते.

चालवताना नकळत लागलेली डुलकी चार सेकंदांचीही असू शकते. ताशी ८० ला तेवढ्यात ८९ मीटर रस्ता जातो.

कॉफीबद्दल: कॅफिन अंगात लागायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि प्यायलेल्यातलं निम्मं बाहेर पडायला पाचेक तास. म्हणून डोळे मिटायला लागल्यावर पिऊन लगेच निघण्यात अर्थ नाही. क्रम असा ठेवा: गाडी सुरक्षित जागी लावा, एक कप कॉफी किंवा कडक चहा प्या, लगेच आडवे व्हा, वीस मिनिटांचा गजर. उठेपर्यंत कॅफिन लागू झालेलं असतं. तीस मिनिटांच्या पुढे गेलात तर गाढ झोपेतून उठल्यासारखं जड वाटतं, मग पूर्ण दीड तास झोपा. उठल्याबरोबर स्टेअरिंगला बसू नका. खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारा, टायर, लाइट, पट्टे बघत. दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तपासणीही होते.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं याने पाच-दहा मिनिटं निघतात. ती मिनिटं थांबायची जागा गाठायला वापरा, पुढचं गाव गाठायला नाही.

वीस मिनिटांची डुलकी दोन तासांपुरती आहे. ती मुख्य झोपेची भरपाई नाही. दिवसा झोपायचं असेल तर कॅबिन काळोखी करा, पडद्याच्या कडा क्लिपने बंद करा, फोन दूर ठेवा, आणि झोपण्याच्या सहा तास आधीपासून कॅफिन बंद. सात-आठ तास झोपूनही सकाळी डोकं दुखत असेल, जोडीदार सांगत असेल की घोरता घोरता श्वास थांबतो, तर झोपेत श्वास अडण्याचा आजार तपासून घ्या. त्यावर उपचार आहे, आणि त्यावर चहाचा काही उपयोग होत नाही.

तुमच्या बाबतीत मी एवढंच जोडेन: तो घाट पहाटे दोन ते पाचमध्ये येणार नाही असं वेळापत्रक लावता येतंय का बघा. घाटाच्या आधी झोपा, घाटानंतर नाही. उतारावर गिअर विसरायला एक क्षण पुरतो.

पल्लेदार

सगळ्यांचे आभार. कपलिंगचा सील कडक होऊन चिरला होता. बदलल्यावर दाबून ०.२ बार. ६१ वाल्या चाकाचा कॅम बुश पूर्ण गेलेला, शाफ्ट हाताने वर-खाली होत होता. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, ॲडजस्टर वीस दाबांत जागेवर आला, आता ४३. पुढच्या खेपेला घाट दुपारी बाराआधी येईल असं निघतोय, एक गिअर खाली, ४० ते ३२. आणखी काही?

लायनर आणि हवा

उतारानंतर परत सगळे ड्रम मोजा. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्यात ३०-४० अंशांपेक्षा जास्त फरक दिसला तर पुन्हा आकडे टाका. गार चाक आधी.

आणि बुश बदलायला चाकं काढली होती ना? मग ५० ते १०० कि.मी. झाल्यावर थांबून नट टॉर्क पान्याने पुन्हा कसा, पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, समोरासमोरचे आळीपाळीने. नटाखालून गंजाची तांबूस रेघ निघालेली दिसली तर तो नट सैल आहे.